नाशिकचं मनुष्यबळ लिंक्डइनवर किती दिसतं?

नाशिकमधल्या एका उद्योजक संघटनेला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. विद्युत उपकरणं किंवा इलेक्ट्रॉनिक्समधला एखादा मोठा प्रकल्प उद्या इथे यायला तयार झाला, तर त्याला लागणारी माणसं जिल्ह्यात आहेत का? गुंतवणूकदार जमीन, पाणी आणि वीज यांची चौकशी करतो तेव्हा एमआयडीसीकडे उत्तर तयार असतं. माणसांचा विषय निघाला की मात्र बैठकीतले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. संघटनेचे सचिव पहिल्याच भेटीत म्हणाले, "अहो, आमचे सभासद रोज ओरडतात की माणसं मिळत नाहीत. पोरांचे आईबाप ओरडतात की नोकऱ्या नाहीत. दोघंही खोटं बोलत नसणार. तुम्ही लिंक्डइनवरून आकडा काढून द्या ना."

लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या संकेतस्थळावरून आकडा काढून देणं अजिबात अवघड नव्हतं, तो काही मिनिटांत पडद्यावर येतो. आलेल्या आकड्याचं करायचं काय, हेच खरं काम होतं. ते कसं झालं, ते इथे सविस्तर मांडतो. संघटनेचं नाव देत नाही, आणि लिंक्डइनवरून मिळालेले नेमके आकडेही देत नाही. ते का, हे पुढे येईलच.

सरकारी आकडे कुठे थांबतात

लिंक्डइनकडे वळण्याआधी सरकारी कोठारात काय आहे ते पाहिलं. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या आसपास होती, तालुके १५. त्यानंतर जनगणना झालेली नाही. दरम्यान सिन्नर वाढलं, गोंदे-वाडीवऱ्हेचा पट्टा भरला, नाशिक शहर चारही बाजूंनी पसरलं. त्यामुळे त्या आकड्यांवर आज मनुष्यबळाचा अंदाज बांधणं धाडसाचं होतं.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण करतं. देशाचं आणि राज्याचं चित्र त्यातून चांगलं कळतं. २०२३-२४ च्या फेरीत देशातल्या कामकऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात होते, २१.७ टक्के नियमित पगारावर आणि १९.८ टक्के हंगामी मजुरीवर. पण नमुना जिल्ह्यापुरता पुरेल इतका मोठा नव्हता. जानेवारी २०२५ पासून आराखडा बदलला आणि जिल्हा हा नमुन्याचा मूळ भौगोलिक घटक झाला. ही मोठी सुधारणा आहे. तरीही असल्या सर्वेक्षणातून 'कारखान्यात काम करणारे' कळतील, 'रिले टेस्टिंग', म्हणजे विजेच्या संरक्षक उपकरणांची चाचणी, येणारे कळणार नाहीत. गुंतवणूकदाराला नेमकं तेच हवं असतं.

उद्योगांच्या वार्षिक पाहणीत कारखाने आणि कामगार मोजले जातात, पण कौशल्य तिथे रकान्यातच नाही. देशभरातल्या नोंदणीकृत कारखान्यांत कामगारांपैकी सुमारे ४० टक्के कंत्राटी आहेत, एवढं मात्र त्यातून कळतं आणि ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. भविष्य निर्वाह निधी संघटना एप्रिल २०१८ पासून दर महिन्याला नव्या खातेदारांचे आकडे जाहीर करते. तिथेही एक गंमत आहे. ठेकेदारामार्फत आलेला माणूस 'एक्स्पर्ट सर्व्हिसेस' नावाच्या वर्गात पडतो, कारण त्याचा भरणा माणसं पुरवणारी एजन्सी करते. तो नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत दिवसभर पॅनल वायरिंग करत असला तरी विद्युत उद्योगाच्या खात्यात दिसत नाही.

थोडक्यात, डोकी मोजणाऱ्या यंत्रणा बऱ्याच होत्या. त्या डोक्यांत काय आहे हे सांगणारी एकही नव्हती. लिंक्डइनचा मोह पडतो तो इथे. माणूस स्वतःच लिहून ठेवतो की मी काय शिकलो, कुठे काम केलं, मला काय येतं. भारतात लिंक्डइनचे सभासद २०२३ मध्येच १० कोटींच्या पुढे गेले होते. अमेरिकेनंतर सर्वांत मोठी संख्या आपलीच.

दारं तीन, चौथं बंद

एका उत्साही तरुण सभासदाने सुचवलं की एक छोटा प्रोग्रॅम लिहून नाशिकची सगळी प्रोफाइलं उतरवून घेऊ. हे दार आम्ही उघडलंच नाही. अमेरिकेत हायक्यू लॅब्स नावाच्या कंपनीने नेमकं हेच केलं आणि २०१७ पासून लिंक्डइनशी कोर्टात लढली. जाहीर प्रोफाइल वाचणं म्हणजे संगणकात घुसखोरी नव्हे, हा मुद्दा अपिलात तिच्या बाजूने गेला. पण २०२२ मध्ये कोर्टाने तिने वापराच्या अटींचा भंग केल्याचं ठरवलं आणि प्रकरण तिच्या अंगाशी आलं. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. काहीजण त्यालाच परवाना समजतात. पण कायदा आड येत नाही म्हणून कंपनीच्या अटी रद्द होत नाहीत. शिवाय आम्हाला कुणाचं नाव नकोच होतं, हवे होते ते समूह.

उरली तीन दारं. पहिलं जाहिरातदारांसाठीचं. जाहिरात कुणाला दाखवायची हे ठरवताना ठिकाण, हुद्दा, कौशल्य, अनुभवाची वर्षं असे फिल्टर लावले की लिंक्डइन त्या गटाचा अंदाजे आकार सांगतं. जाहिरात प्रत्यक्ष द्यावी लागत नाही. दुसरं दार महाविद्यालयांच्या पानावरचं. तिथे माजी विद्यार्थी आज कुठे राहतात, कुठे काम करतात, कसलं काम करतात, याची गोळाबेरीज दिसते आणि ती वर्षांनुसार गाळताही येते. तिसरं म्हणजे साधा शोध: आज नाशिकमध्ये, पूर्वी अमुक कंपनीत.

या वाटेने आधी कुणी गेलं होतं का? जागतिक बँक गेली होती. तिने लिंक्डइनसोबत २०१८ मध्ये १०० हून अधिक देशांची माहिती खुली केली. अट अशी की त्या देशात किमान एक लाख सभासद असावेत. उद्योगांचे १४८ प्रकार होते आणि कौशल्यांचे सुमारे ५०,०००. बँकेच्या अभ्यासकांनी ती अधिकृत आकडेवारीशी ताडून पाहिली तेव्हा माहिती-तंत्रज्ञान, व्यावसायिक सेवा, वित्त, कला-मनोरंजन, कारखानदारी आणि खाणकाम या क्षेत्रांतच ती बऱ्यापैकी जुळली. म्हणजे शिकलेल्या, पगारदार, बाहेरच्या बाजारासाठी काम करणाऱ्या वर्गात. शेती, बांधकाम, किरकोळ दुकानदारी तिथे जवळपास गायबच. नाशिक म्हणजे द्राक्ष-कांद्याचा जिल्हा. तेव्हा आपल्याला जिल्ह्याचा एक तुकडाच दिसणार, हे सुरुवातीलाच भिंतीवर लिहून ठेवलं. आमच्या सुदैवाने प्रश्नही त्याच तुकड्याबद्दल होता.

आकड्यात पाणी कुठे मुरतं

जाहिरातीच्या दाराने नाशिकचा पहिला आकडा आला तो भलताच मोठा होता. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ठिकाणाचा फिल्टर मुळात 'अलीकडचं किंवा कायमचं ठिकाण' असा लावलेला असतो. अलीकडचं ठिकाण इंटरनेटच्या पत्त्यावरून ठरतं. म्हणजे शनिवार-रविवार त्र्यंबकला दर्शनाला आलेला ठाणेकर आणि गंगापूर धरणाकाठी सुट्टी घालवायला आलेला अंधेरीचा माणूस, दोघंही नाशिकच्या मनुष्यबळात. 'फक्त कायमचं ठिकाण' निवडल्यावर आकडा लगेच खाली आला. सिंहस्थाच्या काळात कुणी हा फिल्टर न बदलता नाशिक मोजलं, तर अख्खा देश इथे नोकरी करतो असा अहवाल निघेल.

कायमचं ठिकाणही तितकं कायमचं नसतं. नाशिकरोडहून रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठणारे लोक १९७५ पासून ये-जा करताहेत. त्यांच्यापैकी अनेकजण प्रोफाइलवर मुंबई लिहितात, कारण मुंबईच्या कंपन्या मुंबईतलीच माणसं शोधतात. उलट २०२० नंतर घरून काम करणारी कितीतरी आयटीवाली मुलं गंगापूर रोडला आईच्या हातचं जेवत बसली आहेत आणि प्रोफाइलवर हिंजवडी आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आता इगतपुरीत राहणारा माणूस कोणत्या प्रदेशाचा कामगार, हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होणार.

मालेगावने तर वेगळीच करमणूक केली. सिन्नरची औद्योगिक वसाहत माळेगावला आहे आणि यंत्रमागांचं मालेगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. इंग्रजी स्पेलिंग एकच. मालेगावात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे, प्रोग्रॅमर दिसले की ते बहुधा सिन्नरचे, हे स्थानिक माणसाला क्षणात कळतं. पुण्या-मुंबईत बसून अहवाल लिहिणाऱ्याला कळायचं नाही.

मग हुद्दे. 'इंजिनिअर' या एका शब्दात पदवीवाला, डिप्लोमावाला आणि आयटीआय करून पंधरा वर्षं लाइनवर घालवलेला, असे तिघेही बसतात. अंबडमध्ये दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन असलेल्या गाळ्याचे मालक स्वतःला 'सीईओ' लिहितात. त्यात खोटं काही नाही, पण हुद्द्यावरून मोजायला गेलं तर नाशिकमध्ये सीईओंची रेलचेल आणि टर्नरचा दुष्काळ दिसतो. ठेकेदाराकडचा माणूस एजन्सीचं नाव लिहीत नाही, ज्या मोठ्या कंपनीच्या गेटमधून आत जातो तिचं लिहितो. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत तो एजन्सीचा आणि लिंक्डइनवर कंपनीचा. तो कुणाच्या हजेरीपटावर आहे याचं उत्तर निधीकडे आहे. तो काम कसलं करतो ते लिंक्डइनवर जास्त नीट कळतं, हेही मान्य केलं पाहिजे.

स्त्री-पुरुष हा रकाना तर आम्ही वापरायचाच नाही असं ठरवलं. जाहिरातीच्या साधनात लिंग बहुतेक वेळा नावावरून ताडलं जातं. मराठीत किरण आणि शीतल पुरुषही असतात, बायकाही. वयाचंही तसंच, ते पदवीच्या वर्षावरून काढतात. ज्याने वर्ष लिहिलं नाही त्याला वय नाही.

लहान गटांची आणखी एक अडचण होती. गटात ३०० सभासद नसतील तर जाहिरात चालत नाही आणि नेमका आकडाही दिसत नाही. वरचे आकडेही गोल केलेले असतात. तालुका, कौशल्य आणि अनुभव असे तीन फिल्टर एकत्र लावले की बहुतेक ठिकाणी हाती काहीच लागत नाही. एखाद्या माणसाची ओळख उघडी पडू नये म्हणून ते योग्यच आहे. आमचं मात्र त्यामुळे अडलं.

गेटवरची पाटी

संघटनेतल्या एका सभासदाच्या कारखान्यावर गेलो तेव्हा गेटच्या शेजारी पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगात लिहिलं होतं: 'पाहिजेत: व्हीएमसी सेटर, सीएनसी ऑपरेटर, क्वालिटी इन्स्पेक्टर, हेल्पर. अनुभवी/फ्रेशर. ओटी डबल. आधार, पॅन, पासबुक घेऊन सकाळी ९ वाजता भेटणे.' खाली एक मोबाइल नंबर, शेवटचे दोन आकडे पावसाने पुसलेले. याच कंपनीची लिंक्डइनवर एकच जाहिरात होती, ती सेल्स मॅनेजरची.

नाशिकचा कामगार बाजार असा दोन मजली आहे. वरच्या मजल्याची भरती लिंक्डइन, नोकरीची संकेतस्थळं आणि कन्सल्टंट यांच्यामार्फत होते. खालच्या मजल्याची पाटीवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर, ठेकेदाराच्या सुपरवायझरकडून आणि 'माझ्या मेव्हण्याला चिकटवा ना' या मार्गाने. लिंक्डइनने २०२४ मध्ये मराठी भाषाही आणली, पण सेटरला, म्हणजे यंत्र कामासाठी लावून देणाऱ्या कारागिराला, नोकरी लिंक्डइनवर मिळतच नाही, तर भाषा कोणतीही असो, तो तिथे जाईल कशाला? मागणीच्या बाजूनेही तेच. नाशिकसाठीच्या जाहिराती पाहिल्या तर विमा, शिक्षण-कंपन्यांचे सेल्सवाले आणि एकच जागा चार कन्सल्टंटांनी चार नावांनी टाकलेली, असा भरणा. त्यावरून 'नाशिकमध्ये कशाला मागणी आहे' असा तक्ता काढला असता तर चेष्टाच झाली असती.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी आम्ही लिंक्डइन बाजूला ठेवलं. आयटीआयच्या निदेशकांना विचारलं. त्यांच्या मोबाइलमध्ये प्रत्येक बॅचचा ग्रुप असतो आणि कोण कुठे लागला, कोण सोडून गावी गेला, कोणी स्वतःचं वायरिंगचं काम सुरू केलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. कोणतंही पोर्टल इतकं ताजं नसेल. फक्त ही माहिती त्यांना आजवर कुणी विचारली नव्हती.

चुकीची दिशा माहीत असेल तर

इतक्या त्रुटी समोर आल्यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. एक, सगळंच टाकाऊ. दोन, काही नसण्यापेक्षा हे बरं. आम्ही दोन्ही बाजूला ठेवल्या आणि प्रत्येक निष्कर्षाला एकच प्रश्न विचारला: लिंक्डइनचा कल या निष्कर्षाच्या बाजूने आहे की विरुद्ध?

कल काय आहे ते आता कळलं होतं. तिथे तरुण जास्त, पदवीधर जास्त, नोकरी बदलणारे जास्त. प्रोफाइल अद्ययावत करायला माणूस बसतो तो बहुधा नोकरी बदलायची असते तेव्हाच. ओझरच्या एचएएल या विमानांच्या कारखान्यात किंवा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात पंचवीस वर्षं काढलेल्या कर्मचाऱ्याला प्रोफाइल कशाला लागतं? तेव्हा 'नाशिकमध्ये वीस वर्षांहून जास्त अनुभवाची माणसं कमी आहेत' असं तक्त्यात दिसलं, तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. लिंक्डइन हे असंही कमीच दाखवणार होतं.

त्याच तक्त्यात एक वेगळी गोष्ट दिसत होती. नुकते पास झालेले भरपूर, दोन-चार वर्षंवाले ठीकठाक, आणि साधारण पाच ते बारा वर्षं अनुभवाच्या डिझाइन, टेस्टिंग आणि ऑटोमेशनवाल्यांच्या जागी खड्डा. हा निष्कर्ष महत्त्वाचा होता, कारण तो प्रवाहाच्या विरुद्ध जात होता. पाच ते बारा वर्षंवाले हा लिंक्डइनवरचा सर्वांत जागता वर्ग. नाशिकमध्ये ते असते तर तिथे दिसलेच असते. इतरांपेक्षा जास्तच दिसले असते.

तरी शंका उरते. ते नाशिकमध्ये राहून प्रोफाइलवर पुणे लिहीत असतील तर? म्हणून दुसऱ्या दाराने खात्री केली. नाशिकमधल्या एका जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांना वर्षांनुसार गाळलं. अलीकडच्या बॅचेसमध्ये नाशिकचा वाटा ठळक. मधल्या बॅचेस पुण्याकडे झुकलेल्या, त्याखालोखाल मुंबई आणि बंगळूर. आणि घरून काम करणारे वगळण्यासाठी कंपन्यांची नावं पाहिली. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलची पुष्कळ मुलं आयटीत गेलेली होती, ती घरी बसून काम करत असू शकतात. पण चाकणच्या कारखान्यात प्लँट मेंटेनन्स पाहणारा माणूस नाशिकच्या घरातून ते करू शकत नाही. अशांचीही संख्या मधल्या बॅचेसमध्ये चांगली होती. खड्डा खरा होता.

सचिवांच्या पहिल्या वाक्याचं उत्तर इथेच मिळालं. सभासद 'माणसं नाहीत' म्हणतात तेव्हा त्यांना हवा असतो स्वतः ड्रॉइंग वाचून, ग्राहकाशी बोलून, चार पोरांकडून काम करून घेणारा माणूस. आईबाप 'नोकरी नाही' म्हणतात तेव्हा त्यांच्या घरात नुकताच पास झालेला असतो. दोघांच्या मधली पायरी दोनशे किलोमीटरवर पुण्यात आहे.

दुसरा भरवशाचा निष्कर्ष एखादं कौशल्य इथे किती एकवटलं आहे याचा होता. तो एकूण संख्येवर अवलंबून नसतो, प्रमाणावर असतो. उदाहरणापुरते काल्पनिक आकडे घेऊ. राज्यातल्या दर हजार सभासदांमागे ४ जणांनी 'स्विचगिअर' (वीजप्रवाह चालू-बंद आणि नियंत्रित करणारी उपकरणं) हे कौशल्य लिहिलं असेल आणि नाशिकमधल्या हजारांमागे १२ जणांनी, तर नाशिकचं प्रमाण राज्याच्या तिप्पट. लिंक्डइनवर निम्मीच माणसं आहेत असं धरलं तरी दोन्हीकडे निम्मी असतील तोवर गुणोत्तर बदलत नाही. ही अट पूर्ण पाळली जात नाही हे खरं, पण कच्च्या आकड्यापेक्षा हा पाया भक्कम. स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर, प्रोटेक्शन रिले, पॅनल डिझाइन या कौशल्यांत नाशिक राज्याच्या सरासरीच्या वर आलं. सीमेन्स, एबीबी, सीजी पॉवर, श्नायडर अशा कंपन्या जिथे आहेत आणि शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची चाचणी प्रयोगशाळा उभी राहिली, तिथे हे अपेक्षितच होतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मात्र चित्र फिकं होतं. एम्बेडेड (उपकरणाच्या आतच चालणारं) सॉफ्टवेअर आणि सर्किट बोर्ड डिझाइन लिहिणाऱ्यांचं प्रमाण सरासरीच्या वर नव्हतं. 'विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स' हे दोन शब्द संघटना एका दमात उच्चारत होती. मनुष्यबळाच्या दृष्टीने ते दोन वेगळे जिल्हे असल्यासारखे निघाले.

कौशल्याच्या नोंदींवर एक खबरदारीची टीप अहवालात टाकली. माणसं कॉलेजात शिकलेलं सॉफ्टवेअर दहा वर्षांनीही यादीत ठेवतात, आणि मित्रांनी दिलेली शाबासकी म्हणजे परीक्षा नव्हे. म्हणून सॉफ्टवेअरच्या नावांऐवजी कामाची नावं धरली. 'ऑटोकॅड' कुणीही लिहितं. 'टाइप टेस्टिंग', म्हणजे उपकरणाच्या नमुन्याची प्रमाणित चाचणी, कामावर केल्याशिवाय सहसा कुणी लिहीत नाही.

परतीची वाट

तिसऱ्या दाराने आणखी एक धागा सापडला. आज नाशिकमध्ये आणि पूर्वी पुण्या-मुंबईच्या कंपनीत, असा शोध घेतल्यावर बरेचजण बारा-पंधरा वर्षांनी परतलेले दिसले. त्यातल्या काहींशी रीतसर ओळख सांगून, त्यांच्या संमतीने बोललो. परतण्याची कारणं प्रोफाइलवर नसतात. कुणाचे वडील आजारी, कुणाची द्राक्षबाग बघायला भाऊ एकटा पडलेला, कुणाच्या बायकोला इथल्या शाळेत नोकरी लागलेली. पगार कमी झाल्याचं बहुतेकांनी सांगितलं, आणि त्यापेक्षा जास्त बोचलं ते दुसरंच. पुण्यात जे काम चारजणांत वाटलेलं असतं ते इथे एकाच्याच गळ्यात पडतं, आणि हुद्दा मात्र 'इंजिनिअर'च राहतो.

पुण्यातच राहिलेल्यांपैकी एकाने जे सांगितलं ते जसंच्या तसं अहवालात घेतलं: "यायला तयार आहे हो. पण नाशिकच्या कंपनीला फोन केला की पहिला प्रश्न येतो, आत्ताचा पगार किती. स्वतःचा आकडा कुणी सांगतच नाही."

आकडा का दिला नाही

अहवाल सादर करताना ताणाताणी झालीच. संघटनेला माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर टाकायला एक संख्या हवी होती: 'नाशिकमध्ये इतके इतके कुशल अभियंते उपलब्ध.' शेजारच्या शहरांच्या माहितीपत्रकांत असे आकडे झळकतात, मग आपणच मागे का, हा त्यांचा मुद्दा. आम्ही ठाम नाही म्हटलं. लिंक्डइनवर नाव असणं म्हणजे उपलब्ध असणं नव्हे. आणि गोल केलेला, जाहिरातीसाठी बनवलेला अंदाज सरकारी आकड्याच्या थाटात छापला की दोन वर्षांनी कुणीतरी त्यावरून वाढ किंवा घट मोजणार. सभासद वाढले की माणसं वाढली, असा अर्थ निघणार. म्हणूनच या लेखातही ते आकडे नाहीत.

त्याऐवजी तक्ता तीन भागांत दिला. पहिल्यात ज्यावर आमचा भरवसा आहे ते: विद्युत कौशल्यं इथे एकवटलेली असणं, मधल्या अनुभवाचा खड्डा, पुण्याकडची वाट. दुसऱ्यात जे बहुधा खरं आहे पण दुसऱ्या मार्गाने तपासायला हवं ते: इलेक्ट्रॉनिक्सचं फिकेपण. तिसऱ्यात ज्याबद्दल लिंक्डइनला विचारूच नये ते: आयटीआय कारागीर, कंत्राटी कामगार, स्त्रियांचं प्रमाण, ज्येष्ठांची संख्या. तिसरा भाग सर्वांत लांबलचक झाला आणि बैठकीत सर्वांत जास्त वेळ त्यावरच गेला. ते बरंच झालं. इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणीत बायकांचे हात मोठ्या संख्येने लागतात. त्या बायका आज कुठे आहेत, द्राक्ष-कांदा भरणाऱ्या पॅकहाउसमध्ये, घरी की दुसऱ्या कंपनीत, हे कळायला घरोघर जाण्याशिवाय इलाज नाही.

संघटनेने तीन गोष्टी मान्य केल्या. आयटीआयच्या निदेशकांकडून दर सहा महिन्यांनी मागच्या दोन बॅचेसची फोनवरून माहिती घ्यायची. लिंक्डइनचे तेच फिल्टर, तेच शब्द, 'फक्त कायमचं ठिकाण' हीच निवड ठेवून वर्षातून एकदा तोच तक्ता पुन्हा काढायचा आणि फक्त प्रमाणं ताडायची. आणि पाच ते बारा वर्षंवाल्यांसाठी दिवाळीच्या आठवड्यात भरती ठेवायची, कारण त्या आठवड्यात पुण्यातलं नाशिक नाशिकमध्ये असतं. जाहिरात लिंक्डइनवर टाकायची, आणि सोसायट्यांच्या ग्रुपवरही, म्हणजे आईबापांच्या नजरेस पडेल.

चौथी शिफारस होती की त्या जाहिरातीत प्रत्येक जागेपुढे पगाराचा पल्ला छापायचा. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "छापला तर आपलीच आतली माणसं वाचतील ना साहेब." ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.